जुन्या कॅप्टनची खुर्ची

३ मार्च

चि. बोटभर,

तुझं पोचल्याचं पत्र मिळालं. चार ओळी, त्यातल्या दोन हवेवर. हवा मला इथेही आहे.

फोन करत जाईन म्हणतेस. कुणाला करणार? कान गेल्यापासून फोन म्हणजे मला डब्यात कोंडलेला भुंगा. आणि काचेवर तू जी अक्षरं पाठवतेस ती मुंग्यांसारखी पळतात, एक धरावी तर दुसरी निसटते. तेव्हा पत्रच लिही, आणि अक्षर मोठं काढ. शाळेत मी फार गेले नाही, पण वाचण्यापुरतं आलं आणि भांडण्यापुरतं त्याहून जास्त आलं.

तू विमानात बसणार हे मी गिळलं. पण छत्री बांधून उड्या मारणाऱ्यांना वर नेऊन सोडण्याचंच काम धरावंस, हे अजून घशात आहे. तुझा बाप याच कामात गेला. संध्याकाळी रिकामं विमान उचललं, अंगात मस्ती आली, नाक आभाळाकडे केलं आणि पडला, असं चौकशीवाले म्हणाले. मग शेजारी म्हणाले, मग तुझे मामा म्हणाले. तुझ्या आईनेही शेवटी मान हलवली आणि दुसरं घर केलं. तिला बोल लावत नाही, तरुण होती. मी मात्र मान हलवली नाही. विमानातलं मला कळत नाही, पण ज्या पोराने कधी सायकलवरसुद्धा हात सोडले नाहीत त्याला विमानात मस्ती कुठून सुचली, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

तू डोक्यावर हात ठेवून सांगितलंस की ते मैदान नाही, तो मालक नाही, जागाच वेगळी आहे. हात माझ्या डोक्यावर ठेवला होतास, हे लक्षात असू दे.

कानांचं विचारलंस. बाहेरचं काही आत येत नाही. आत मात्र घरघर चालू असते, दिवसभर. डॉक्टरने कागदावर लिहून दाखवलं, आजी, नस सुकलीय. मी म्हटलं, नस नाही रे, विमान आहे. तो हसला. ते विमान मध्येच बंद पडतं. मग मी हातातलं काम खाली ठेवते आणि थांबते. कशासाठी थांबते ते त्याला सांगितलं नाही.

जेवत जा. बारीक राहून उंच दिसत नाही कोणी.

तुझी आजी


११ मार्च

प्रिय आजी,

अक्षर मोठं काढलंय. आता कागद पुरला नाही तर तुझ्याकडून मागवीन.

तुला वाटतं तसं इथे कोणी कुणाला ढकलत नाही. लोक हौसेने येतात आणि स्वतःच्या पायांनी बाहेर जातात. माझं काम त्याआधीचं. सकाळी आल्या आल्या टाकीतलं थोडं पेट्रोल काचेच्या पेल्यात काढून उजेडात धरते. तळाला पाणी दिसलं तर ओतून पुन्हा काढते. दूधवाल्याच्या समोर तू करायचीस तसंच, फक्त मी भांडत नाही.

विमान लहान आहे. खुर्ची एकच, माझी. बाकीच्या काढून टाकल्यात. उडीवाले खाली फरशीवर बसतात, शेंगेतल्या दाण्यांसारखे, तोंड शेपटीकडे आणि पाठ माझ्याकडे. फरशीला पट्टे आहेत. बांधा म्हटलं की म्हणतात, ताई, आम्ही उडीच मारायला आलोय, पट्टा कशाला? पट्टे लागल्याशिवाय मी चाक हलवत नाही, म्हणून माझं नाव ‘हेडबाई’ पडलंय. वर गेल्यावर दार उघडलं की सगळ्यांना एकदम दाराशी जायचं असतं. मग शेपूट जड होते आणि मला ओरडावं लागतं. तुझा आवाज मला मिळालाय हे बरं आहे. ते गेले की रिकामं विमान घेऊन खाली येते. खाली पुढची टोळी तयारच असते. इंजिन बंद करायचं नाही अशी पद्धत आहे, पंखा फिरत असतानाच ते मागच्या बाजूने चढतात. दिवस चांगला असला तर जेवणाची सुट्टी सोडून मी खुर्चीतून उठत नाही.

खुर्चीची एक गंमत सांगते. ती फरशीवरच्या दोन रुळांवर पुढे-मागे सरकते. रुळांना खाचा आहेत. खुर्चीखालची पिन खाचेत पडली की खुर्ची पक्की. आपल्या घराण्याची उंची तुला ठाऊक आहे. मला सगळ्यात पुढची खाच लागते, तेव्हा कुठे पाय पेडलांना टेकतात. संध्याकाळी मी खुर्ची तशीच पुढे ठेवून, दार लावून, किल्ली खिशात घालून जाते. सकाळी दार उघडावं तर खुर्ची पार मागे गेलेली.

विमानाची दुरुस्ती बघणारे मिस्त्री म्हणतात, जुने कॅप्टन येऊन बसतात. फार पूर्वी इथे कोणी वैमानिक होते म्हणे. त्यांची आठवण म्हणून उडीवाले चढताना खुर्चीच्या पाठीला हात लावतात. मीही लावते. भीती नाही वाटत, आजी. खरं सांगायचं तर सकाळी खुर्ची मागे दिसली की बरं वाटतं.

दुपारी पाण्याच्या टाकीखालच्या सिमेंटच्या बाकावर बसून जेवते. तिथून अख्खी धावपट्टी दिसते. काळजी करू नकोस.

तुझी बोटभर


१८ मार्च

चि. बोटभर,

पत्र मिळालं. या वेळी मजकूर होता.

पाण्याच्या टाक्या पुष्कळ असतील आणि बाकही पुष्कळ असतील. तरी विचारते. त्या बाकाच्या एका पायाखाली वीट घातलेली आहे का? तुझ्या बापाने मला एकदा त्याचं काम बघायला नेलं होतं. तूही होतीस, माझ्या कडेवर, माझ्या कानातली रिंग ओढत. आम्ही टाकीखाली बाकावर बसलो होतो आणि तो बाक डुगडुगत होता. एका पायाखाली वीट होती, तीही फुटकी. एवढी विमानं ठेवणाऱ्या माणसाला एक बाक सरळ करता येत नाही, असं मी म्हटलं. तुझ्या बापाने मला गप्प केलं, मालक ऐकतील म्हणून. एवढंच कळव. वीट आहे की नाही.

आता तुमच्या भुताचं. शिकलेली माणसं तुम्ही, आणि खुर्चीला हात लावून नमस्कार करता. माझ्या शिवणयंत्राचा पाय असाच आपोआप खाली यायचा. मी काही त्याला हात जोडले नाहीत. दुकानदाराकडे नेलं, त्याने आतला खिळा बदलला, पाय जागेवर राहिला. तुमचं विमान उभं करता तिथे मागे उतार असेल आणि खिळा झिजला असेल. पण तसं म्हटलं तर कुणाला तरी खाली वाकून बघावं लागेल. भूत म्हटलं की वाकायला नको.

तू पुढच्या खाचेत बसतेस हे वाचून हसू आलं. तुझा बापही तसाच. पाय पोचत नाहीत म्हणून माझ्याकडून पाठीमागे घ्यायला उशी शिवून घेतली होती, वीतभर जाड. निळं कापड, कडेने दुहेरी शिवण. सगळं घर त्याला ‘उशीवाला’ म्हणायचं, आणि सगळ्यात जास्त मी म्हणायचे. ती उशी माझ्या कपाटावर आहे. तो गेला त्यानंतर मिस्त्री त्याच्या वस्तू घेऊन आला होता. घड्याळ फुटलेलं, बूट फाटलेले. उशी मात्र अगदी स्वच्छ. तेलाचा डागसुद्धा नाही. इतकी वर्षं मी ती झटकते आणि परत ठेवते, आणि प्रत्येक वेळी वाटतं की हिच्यात काहीतरी चुकतंय. काय ते कळत नाही.

विटेचं कळव.

आजी


३० मार्च

प्रिय आजी,

उशीर झाला, रागावू नकोस. पेट्रोलचा डबा उचलताना पाठ धरली, खांद्यांच्या मधोमध, म्हणून दोन-चार दिवस लिहायला बसवत नव्हतं. आता बरी आहे.

काम जोरात आहे. हवा अशी स्वच्छ फार दिवस राहत नाही, म्हणून मालक एक दिवस रिकामा जाऊ देत नाहीत.

एक काम होतं. बाबांची उशी तू जपून ठेवली आहेस ना, ती मला पाठवशील? मालक म्हणाले, पुढच्या खाचेचा हट्ट कशाला, मागच्या खाचेत बस आणि घरून एखादी जाड उशी आणून पाठीला लाव, म्हणजे पाय पोचतील. बाजारातल्या उशा मऊ असतात, दबतात. तुझी दबणार नाही. आणि बाबांची म्हणून मलाही आवडेल.

लवकर पाठव. तोवर मी पांघरुणाची घडी लावतेय.

तुझी बोटभर


४ एप्रिल

बोटभर,

विटेबद्दल काही लिहिलं नाहीस. म्हणजे वीट आहे.

म्हणजे मैदान तेच, मालक तोच, आणि जुना कॅप्टन म्हणजे तुझा बाप. माझ्या डोक्यावर हात ठेवून खोटं बोललीस. डोकं जागेवर आहे, काही झालं नाही त्याला. ते भांडण आपण नंतर करू, मी विसरणार नाही.

डबा उचलताना पाठ धरली हेही खोटं. डबा उचलताना कंबर धरते. खांद्यांच्या मधोमध दुखतं ते मागे कशावर तरी आपटल्यावर. तू खुर्चीत होतीस आणि खुर्ची मागे गेली. मला मूर्ख समजू नकोस, मी फक्त बहिरी आहे.

आता नीट वाच. मालकाचं ते वाक्य तू लिहिलंस, ‘घरून एखादी जाड उशी आणून पाठीला लाव’. ते वाचलं आणि मी पत्र खाली ठेवलं. कारण तेच वाक्य तुझा बाप माझ्याकडे घेऊन आला होता. मी यंत्रावर बसले होते, तो दारात उभा राहिला आणि म्हणाला, “आई, मालक म्हणतात घरून जाड उशी आण, पाठीला लावायला.” मी विचारलं, का रे, काय झालं? तो हसला आणि म्हणाला, “काय होणार, उंची कमी पडते.” मीही हसले आणि शिवायला घेतली. त्याआधी तो तिथे दोन वर्षं उडत होता. दोन वर्षं त्याची उंची पुरत होती आणि एका दिवसात कमी पडली? एवढंही मला सुचलं नाही, कारण चिडवायला विषय मिळाला होता.

त्याची उंची कमी पडली नव्हती. पुढची खाच कामातून गेली होती. खाच बदलायच्या ऐवजी त्यांनी माझी उशी लावली.

आणि उशी स्वच्छ का होती ते आता कळलं. ती त्या दिवशी विमानात नव्हतीच. काम संपलं म्हणून त्याने ती काढून बाहेर ठेवली असणार. मग कुणीतरी हाक मारली असेल, जरा विमान तिकडे नेऊन ठेव म्हणून. एवढ्याशा कामाला उशी कोण आणायला जातो? तो उशीशिवाय बसला, पाय पोचेनात, खुर्ची पुढे ओढली.

तुमच्या भुताचंही सांगते. तुझा बाप भूत झाला तरी उंच होणार नाही. तो बसायला आला तर खुर्ची पुढे घेईल, मागे कशाला नेईल? इतकी वर्षं तुम्ही सगळे त्या खुर्चीला हात लावता आणि एवढं कुणाच्या डोक्यात आलं नाही.

उशी पाठवणार नाही. कितीही मागितलीस, रागावलीस, तरी नाही. मिस्त्रीला विचार की विमान पडलं तेव्हा खुर्ची कुठे होती. आणि उत्तर मिळाल्याशिवाय त्या खुर्चीत बसू नकोस. परत ये असं म्हणत नाही, तू येणार नाहीस. पण पोहोच दे. एक ओळ लिही, हवेवरची चालेल.

आजी


१५ एप्रिल

बोटभर,

पोस्टमन रोज दारावरून जातो. मी दारातच बसते, त्यामुळे त्याला आता रस्त्याच्या पलीकडून जायची सवय लागलीय.

शेजारीण खुणेने म्हणाली, फोन लावून देते. तिने लावला, माझ्या कानाला धरला, मी बोलत राहिले. मग ती हातवारे करून म्हणाली, पलीकडे कोणी उचललाच नव्हता.

आज दुपारी धान्य निवडत होते तेव्हा कानातली घरघर थांबली. नेहमीपेक्षा जास्त वेळ. मी ताट खाली ठेवलं आणि दोन्ही हात फरशीवर टेकून बसले, काही जाणवतं का बघायला. काही जाणवलं नाही.

घरघर पुन्हा सुरू झाली तेव्हा ताटातल्या दाण्यांना मुंग्या लागल्या होत्या.

आजी


२१ एप्रिल

प्रिय आजी,

मी जिवंत आहे, धड आहे, जमिनीवर आहे. तुझी दोन्ही पत्रं समोर आहेत. उत्तर पाठवलं नाही कारण अर्धं उत्तर तुला चाललं नसतं.

मैदान तेच आहे. मला बाबा जिथे शेवटचे बसले तिथे बसायचं होतं. हे तुला सांगितलं असतं तर तू येऊ दिलं नसतंस. बाबांनी मस्ती केली की नाही ते मला तिथे बसून कळेल असं वाटलं होतं. आणि मग खुर्चीची गोष्ट कानावर आली. आजी, मला पिन कळत नाही असं नाही. दुसऱ्या कुठल्याही विमानात खुर्ची अशी सरकली असती तर मी पहिल्याच दिवशी खाली वाकले असते. इथे वाकले नाही. सकाळी दार उघडलं आणि खुर्ची मागे दिसली की मला वाटायचं, येऊन गेले. वाकून बघितलं असतं तर ते संपलं असतं.

पाठीचं तू ओळखलंस. विमान पट्टीवर वेग घेत होतं आणि चाकं उचलणार तेवढ्यात खाली खट् झालं आणि मी मागे गेले. पाय पेडलांवरून सुटले. हात मात्र सुटत नाहीत, हातात जे असतं ते माणूस घट्ट धरतो, आणि मी स्टिअरिंग धरूनच मागे चालले होते. स्टिअरिंग छातीशी आलं की विमानाचं नाक वर जातं. पण माझ्या मागे उडी शिकवणारे मास्तर बसले होते, पाठीवर छत्रीची पिशवी. ते पैलवान आहेत. खुर्ची त्यांच्यावर आपटून अडली, माझी पाठ सडकली, आणि मी पुढे वाकून पाय टेकवले. मास्तर म्हणाले, “हेडबाई, आम्हाला वर गेल्यावर ढकला, इथे नको.” सगळे हसले. मीही हसले. आणि खाली आल्यावर मालकांना सांगितलं तेव्हा त्यांनी उशीचं सांगितलं.

बाबांच्या मागे त्या दिवशी कोणी नव्हतं. विमान रिकामं होतं.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी उडाले नाही. मिस्त्रींना बाकावर बसवलं आणि विचारलं. ते आधी विटेकडे बघत राहिले. मग त्यांनी सांगितलं ते तू लिहिलंस तसंच होतं. बाबांनी काम संपलं म्हणून उशी याच बाकावर ठेवली होती. मालकांनी हाक मारली, विमान शेजारच्या मैदानावर नेऊन ठेव, सकाळी तिकडे लागेल. पडल्यावर मिस्त्री पहिले पोचले. नाक चेपलं होतं, मधला भाग शाबूत. खुर्ची रुळांच्या पार मागच्या टोकाला होती. “एवढ्याशा माणसाची खुर्ची एवढी मागे कशी, असं चौकशीवाल्यांनी विचारलं नाही, आणि मी होऊन सांगितलं नाही.” असं म्हणाले. आणि एक गोष्ट त्यांनी शेवटी सांगितली. खुर्ची शाबूत होती म्हणून मालकांनी ती रुळांसकट काढून या विमानात बसवून घेतली. नंतरचे वैमानिक उंच होते, मागच्या खाचेत बसायचे, म्हणून कुणाला काही झालं नाही. फक्त साफसफाईला पुढे घेतली की ती आपली मागे जायची. मिस्त्रींना वाटायचं, बाबा आपल्यालाच दाखवायला येतात. म्हणून त्यांनी जुन्या कॅप्टनची गोष्ट केली. सगळ्यांची झाली की एकट्याची राहत नाही.

मालकांना हे सांगितलं. ते म्हणाले, जुन्या गोष्टी उकरून काढू नकोस, हवा चांगली आहे तोवर काम होऊ दे, पावसात रूळ बदलू. मी म्हटलं, ठीक आहे, तुम्ही एकदा माझ्या खाचेत बसून दाखवा.

सगळे उडीवाले पट्टीच्या कडेला बसले होते. त्यांच्यासमोर नाही म्हणणं त्यांना जड गेलं असावं. बसले. गुडघे पोटाशी आले. इंजिन बंदच होतं. मी विमानाला पुढून दोर बांधून जीपला जोडला आणि मास्तरांना म्हटलं, एक झटका द्या. मास्तरांनी जीप झटक्यात पुढे काढली. खाली खट् झालं. मालक बसल्या बसल्या मागे गेले, पाय हवेत, आणि त्यांनी दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून छातीशी ओढलं. मागे शेपटीची पट्टी वर उचलली गेली. उडताना ती अशी उचलली की नाक आभाळाकडे जातं.

मालक खुर्चीतून उठले नाहीत. हात स्टिअरिंगवर तसेच. मी खिडकीपाशी गेले आणि म्हटलं, “तुम्ही आत्ता मस्ती केलीत का?”

त्यांनी मान हलवली, नाही म्हणून. मग हात सोडले.

उडीवाल्यांनी आपापल्या पिशव्या उचलल्या आणि ते निघून गेले. त्यांच्यातल्या एकाने जाताना सवयीने खुर्चीच्या पाठीला हात लावायला हात पुढे केला आणि मागे घेतला.

तेव्हापासून विमान उभंच होतं. आता रूळ नवे आले, खुर्चीही नवी. खुर्ची सुटली तरी मागे जाऊ नये म्हणून पाठीमागे एक जाड पट्टाही लावून घेतला. मास्तरांनी आणि मी चौकशीच्या कचेरीला कळवलंय, मिस्त्रींनी खाली सही केली. ते काय करतील माहीत नाही. जुनी खुर्ची मिस्त्रींनी मोडून टाकली, स्वतःच्या हाताने.

काल संध्याकाळी नवी खुर्ची पुढच्या खाचेत ठेवली, दार लावलं, किल्ली घेऊन गेले. आज सकाळी दार उघडलं. खुर्ची होती तिथेच होती.

मी बराच वेळ दारात उभी होते, आजी. ती हललेली असावी असं मला वाटत होतं.

तुझी बोटभर


२८ एप्रिल

चि. बोटभर,

पत्र मिळालं. आधी तू जिवंत आहेस ना ते बघायला वाचलं. मग समजून घ्यायला वाचलं. मग मालकाचे पाय हवेत गेले तेवढंच पुन्हा वाचलं, मजेसाठी. शेजारणीलाही तेवढंच वाचून दाखवलं. तिने कागदावर लिहिलं, म्हणजे तुमच्या मुलाची चूक नव्हतीच. मी म्हटलं, हे तू पूर्वी चहा पिताना उलटं म्हणाली होतीस, याच दारात. तिने कप ठेवला आणि घरी गेली. येईल दोन दिवसांनी.

मिस्त्रीने खुर्ची मोडली ते बरं केलं. त्याच्याबद्दल मी आणखी काही लिहिणार नाही. उशी द्यायला आला होता तेव्हा पाणी न पिता गेला, तेवढं मला आठवतं. तू त्याला विचार, त्याला तहान होती का. नको, विचारू नकोस.

खुर्ची जागची हलली नाही आणि तू दारात उभी राहिलीस, हे मला लिहिलंस. दुसऱ्या कुणाला सांगू नकोस, वेडी म्हणतील. मी म्हणत नाही. मीही ही उशी इतकी वर्षं झटकत आलेय, धूळ बसलेली नसतानाही.

पण ऐक. तो गेला असेल तर जाऊ दे. लोकांनी त्याला बसवूनच ठेवलं होतं, मस्तीखोर म्हणून एका बाजूने आणि भूत म्हणून दुसऱ्या बाजूने. कंबर मोडली असेल त्याची. जरा आडवा होऊ दे.

उशी या पत्राबरोबर पाठवतेय. आता पाठवायला हरकत नाही, आता ती नुसती उशी आहे. एका कडेची शिवण सैल झाली होती ती घातली. पण पाठीमागे लावू नकोस. खाली घे. काचेतून पुढचं नीट दिसेल, आणि त्या उडीवाल्यांना हेडबाई जरा उंच वाटेल.

सुट्टी मिळाली की ये. डोक्यावर हात ठेवून खोटं बोललीस त्याचं भांडण बाकी आहे, आणि ते पत्रातून मजा येत नाही.

कानांचं म्हणशील तर डॉक्टरने थेंब बदलून दिले, फरक काही नाही. काल पुन्हा घरघर थांबली. मी हातातलं काम ठेवलं नाही, निवडत राहिले. थोड्या वेळाने आपोआप सुरू झाली.

अजून वरच आहे ते विमान. उतरलं की कळवीन.

तुझी आजी